मांडीवरचा ताप

मराठीत उष्णता, आजारपण आणि डोक्याला होणारा त्रास या तिन्हींसाठी ‘ताप’ हा एकच शब्द चालतो, आणि माझ्या लॅपटॉपने गेले काही महिने या तिन्ही अर्थांना एकाच वेळी न्याय दिला. झाकण उघडल्यावर पहिली दहा मिनिटे तो शहाण्यासारखा गप्प असे. मग आतून एक बारीक सुस्कारा येई, त्या सुस्काऱ्याची घरघर होई, आणि पत्राची तिसरी ओळ लिहून होईपर्यंत ती इतकी चढे की ऑनलाइन बैठकीत एका सहकाऱ्याने मला मोठ्या आपुलकीने विचारले, ‘तुमच्याकडे पाऊस फार आहे का हो?’ मी खिडकीबाहेरच्या लख्ख उन्हाकडे पाहत ‘हो’ म्हणालो.

राग अर्थातच पंख्यावर निघाला. आजच्या लॅपटॉपमध्ये फिरणारी पूर्वीची हार्ड डिस्क बहुधा उरलेली नाही, त्यामुळे सतत हलणारा आणि आवाज करणारा भाग म्हटला तर तो एक पंखाच. मी पंख्याचा वेग कमी करणारा एक प्रोग्रॅम बसवला आणि अर्धा तास विजयी शांततेत काढला. त्यानंतर कळफलकाची मधली बटणे बोटांना चटके देऊ लागली आणि टाइप केलेली अक्षरे दमून-भागून, एकेक करून पडद्यावर उगवू लागली. प्रोसेसर साधारण 95 ते 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो, हे मला तेव्हा समजले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा माझा उपाय होता.

प्रोसेसरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. एखादे 25 वॅटचे सोल्डरिंग आयर्न कथील वितळवते, आणि तेवढीच वीज लॅपटॉपमध्ये नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात जिरत असते. ती उष्णता पंख्यापर्यंत नेणारी तांब्याची चपटी नळी मला सबंध यंत्रातली सर्वांत देखणी वस्तू वाटते. हवा काढून घेतलेल्या या बंद नळीत अगदी थोडे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाला जाऊन उष्णता सोडते, आणि पुन्हा पाणी होऊन आतल्या सच्छिद्र अस्तरातून वातीत तेल चढावे तसे माघारी येते. या कल्पनेचे पेटंट अमेरिकन अभियंते रिचर्ड गॉग्लर यांना 1944 साली मिळाले होते, परंतु ती जवळजवळ विस्मरणात गेली, आणि 1963 साली अमेरिकेतल्याच लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती नव्याने साकारली. आपण जिच्यावर हात टेकवून चिडचिड करतो त्या धातूच्या पट्टीखाली असे मूकपणे बाष्पीभवन चाललेले असते, हे कळल्यावर माझी चिडचिड निम्मी झाली. उरलेली निम्मी पंख्याच्या गणिताने घालवली. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा फार तर दुप्पट सरकते, पण पंख्याला लागणारी वीज आठपट होते आणि आवाज सुमारे 15 डेसिबलनी चढतो. म्हणजे वाट थोडी जरी अडली तरी पंख्याला त्याची किंमत केवढ्या तरी पटीने मोजावी लागते, आणि ती आपल्या कानांकडून वसूल होते.

वाट अडलीच होती. खालचे झाकण उघडले तेव्हा पंख्याची पाती बऱ्यापैकी स्वच्छ दिसली आणि मी निराश झालो. पण पंखा आणि त्या नळीच्या थंड टोकाचे, हवेला उष्णता देणारे तांब्याचे पापुद्रे यांच्या मधल्या फटीत धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू दाबून तयार झालेला करडा नमदा बसला होता. तो चिमट्याने अखंड निघाला, आणि मला उगाचच काहीतरी कमावल्यासारखे वाटले. उरलेली धूळ हवेच्या झोताने उडवताना पाती बोटाने धरून ठेवावीत, नाही तर ती भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग बिघडू शकते. प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही वाळून खपल्या धरू लागली होती, तीही बदलली. प्रोसेसर आणि त्यावर टेकलेला धातू यांच्यामधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या फटींत हवा राहू नये एवढेच तिचे काम असते, म्हणून ती भरपूर थापण्यात काही शहाणपण नाही.

सेटिंगमध्ये एक बारीकसा बदलही केला. विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 टक्क्यांऐवजी 99 टक्के ठेवली की बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याचे ‘टर्बो’ धावणे, म्हणजे नेहमीच्या वेगापेक्षा जोरात पळणे, बंद होते. लिहिण्या-वाचण्याच्या कामात त्याने फरक जाणवत नाही. मात्र मांडी सोडावी लागली. ज्याच्या नावातच मांडी आहे, तो सपाट आणि कठीण पृष्ठभागावर ठेवावा असे त्याच्याच माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते, कारण गादीवर किंवा उशीवर त्याची पोटाखालची श्वासाची भोके बुजतात. रोज तासन्‌तास तो उघड्या मांडीवर ठेवणाऱ्यांच्या कातडीवर जाळीदार तांबूस डाग उठू शकतात, आणि त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे त्या डागांना वेगळे नावही आहे.

आता मी लिहीत असतो तोवर पंखा गप्प असतो. मात्र मी हात काढून, खुर्चीला पाठ टेकवून विचार करू लागलो की थोड्या वेळाने तो ओळखीचा सुस्कारा ऐकू येतो. मालक रिकामा बसलेला पाहून यंत्र आपली तुंबलेली कामे उपसायला घेते: फाइलींची सूची लावणे, अपडेट तपासणे, व्हायरस शोधणे. मी उगाचच माउस हलवतो, आणि काही क्षणांत आवाज उतरत-उतरत थांबतो.