नमुना २३ आणि बांधावरचा जेसीबी

सकाळी साडेसातला फोन आला तेव्हा जेसीबी बांधावर येऊन उभा होता. ग्रामपंचायतीच्या हाती रस्त्याचं काम सुरू करायचा कार्यारंभ आदेश होता, सरपंच जागेवर होते आणि जमीनवाला एवढंच सांगत होता, "वकीलसाहेब, हे म्हणतात रस्ता सरकारी आहे." अशा वेळी वाद घालण्याआधी चार कागद मागवायचे: चालू सातबारा, गटाचा नकाशा, गाव नकाशा आणि ज्याच्या जोरावर काम निघालंय तो तहसीलदारांचा आदेश. चारही दुपारच्या आत मिळाले. एरवी गाव नकाशासाठीच भूमी अभिलेख कार्यालयाच्या दोन चकरा होतात.

ग्रामसेवकांनी आधी नमुना २३ पुढे केला. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची ही नोंदवही. तीत रुंदी ६ मीटर लिहिलेली. पण ही नोंद ग्रामपंचायत स्वतःच घेते, तिने मालकी बदलत नाही. सातबाऱ्यावर त्या पट्ट्याचं क्षेत्र दोन भावांच्या नावावर जसंच्या तसं होतं. संपादनाचा फेरफार नाही, क्षेत्र घटल्याचं कमी-जास्त पत्रक नाही.

गाव नकाशावर रस्ता होता, हेही खरं. पण एकेरी तुटक रेषेचा, म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. शिवाय रेषा चालली होती बांधाने, आणि आखणीची पांढरी फक्की मारली होती शेतातून तिरपी. का, तर बांधालगत पावसाळ्यात पाणी साचतं आणि तिथे भराव जास्त लागला असता. अंदाजपत्रकाच्या सोयीने जमीन सरकारी होत नाही, हे शाखा अभियंत्यालाही कळत होतं, तो फक्त बोलत नव्हता.

खरी गंमत तहसीलदारांच्या आदेशात होती. वर लिहिलेलं: "जमीन महसूल संहिता १९६६ कलम १४३ व मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ कलम ५ अन्वये". ही दोन कलमं एका आदेशात नांदत नाहीत. कलम ५ आहे त्या रस्त्यातला अडथळा काढण्यासाठी, आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा आला तरच. कलम १४३ शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी वाट देतं, तीही इतरांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून. गटाच्या मधून रस्ता काढायचा अधिकार तहसीलदारांना त्यात नाही. आदेशात मात्र "गटातून रस्ता खुला करावा" एवढंच. कोणत्या बाजूने किती फूट, याचा पत्ता नाही. त्यात नोटीस एकट्या थोरल्या भावाला. धाकटा सहखातेदार असूनही त्याला सुनावणी नाही, पंचनाम्यावर त्याची सही नाही. असे आदेश बहुतेक वेळा इथेच पडतात.

तारीख पाहिली. आदेशाला अकरा महिने झालेले. प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपिलाचे साठ दिवस केव्हाच संपले होते, पण कलम १४३ च्या आदेशाविरुद्ध दिवाणी दावा एक वर्षात करता येतो. हातात महिनाभर होता.

सरपंचांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. "तीस वर्षं लोक इथून जातायत." जात असतील. वीस वर्षं उघड, बिनतक्रार आणि हक्काने वहिवाट असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जाण्याचा हक्क मिळू शकतो. मालकाच्या परवानगीने गेलेली वर्षं त्यात धरत नाहीत. पण पायी जायचा हक्क म्हणजे खडी पसरून २० फूट रुंद करायचा हक्क नव्हे. आणि सरकारनेच 'वर्षानुवर्षं ताब्यात आहे' म्हणून नागरिकाच्या जमिनीवर मालकी सांगू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातल्या रस्त्याच्याच प्रकरणात ठणकावलंय. तिथे १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी जमीन संपादन न करताच घेतली होती. संविधानाचं कलम ३००-अ साधं आहे: कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही. सार्वजनिक रस्ता हवाच असेल तर संपादन करा आणि मोबदला द्या, नाहीतर मालकाकडून रीतसर घ्या.

'रीतसर'वरून दुपारी पुन्हा अडलं. ग्रामसेवकांकडे शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं संमतीपत्र होतं, तेही थोरल्याचंच. जमीन दान द्यायची तर नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं, दोन साक्षीदारांसह, आणि देणारा हयात असतानाच ते स्वीकारावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने सातबारा हलत नाही.

चारच्या सुमारास तोडगा निघाला: रस्ता बांधावरूनच, दोन्ही गटांतून चार-चार फूट, आधी मोजणी आणि मग मुरूम, पाणी काढायला एक पाइप मोरी. जबाबावर दोन्ही भावांच्या आणि शेजारच्या गटवाल्याच्या सह्या घेतल्या. दावा तरीही मुदतीत दाखल करायचं ठरलं, कारण तो जुना आदेश रद्द होईपर्यंत कागदावर जिवंतच राहणार होता. जेसीबीवाल्याने दिवसभराच्या भाड्याचं विचारलं, तेव्हा मात्र सगळेच नकाशात पाहू लागले.