खदानीतला डोळा आणि भरपाईचा दावा : माझा अनुभव

घणाचे घाव खाऊन खाऊन छिन्नीचं आणि पाचरीचं डोकं फुलतं, कडा बाहेर वळतात आणि त्या कडेचा मिलिमीटरभर तुकडा एखाद्या घावाला सुटतो. दगडाची कपची डोळ्याला लागली की खुपते, पाणी येतं, माणूस लगेच ओरडतो. पोलादाचा तुकडा बुबुळ भेदून आत जातो आणि बाहेर टाचणीच्या टोकाएवढी खूण राहते. रक्त येत नाही, पहिल्या दिवशी नजरही बऱ्यापैकी असते. मग मेडिकलमधून थेंब आणायचे, रुमाल बांधून घरी जायचं, आणि दिसेनासं झालं की दवाखाना गाठायचा. तोवर डोळा बिघडलेला असतो आणि दावाही.

तासगावच्या बाजूच्या एका खदानीतल्या अशाच अपघाताचा दावा मी पहिल्या कागदापासून वसुलीपर्यंत पाहिला. दगड फोडणारा माणूस, वय ३५, उजवा डोळा. अपघात २०२३ चा, त्यामुळे कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ लागू. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या सातव्या प्रकरणात गेला आहे आणि संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. नव्या अपघाताचा अर्ज लावताना सध्याचे नमुने कामगार कार्यालयातून मागून घ्यावेत. पुढे कलमं सांगितली आहेत ती जुन्या कायद्याची.

सुरुवात केसपेपरपासून. जखमी माणसाबरोबर दवाखान्यात मुकादम येतो आणि खिडकीवर तोच बोलतो. 'घरी लाकूड फोडताना लागलं' एवढं एक वाक्य त्या कागदावर पडलं की पुढे उलटतपासणीत तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचून दाखवतात. म्हणून रुग्णाने स्वतः डॉक्टरांना सांगायचं: कुठल्या खदानीत, किती वाजता, हातात काय होतं, समोर कोण होतं. कामावरचा अपघात म्हटल्यावर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस, नोंदवा असं स्पष्ट म्हणायचं. मग रुग्णालयाच्या चौकीतून जबाब होतो आणि तो संबंधित पोलीस ठाण्याकडे जातो. चुकीचं वाक्य आधीच पडलं असेल तर कागद खाडाखोड करून बदलायला लावू नये. पुढच्या तपासणीला खरा प्रकार सांगून नवी नोंद करून घ्यावी आणि पोलीस जबाबात पहिली माहिती कोणी दिली तेही लिहून घ्यावं.

लोखंड आत असल्याची शंका असेल तर डोळ्याचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन होतो. एमआरआय करायचा नाही, कारण चुंबकाने तुकडा आतल्या आत हलतो. म्हणून 'घण मारत होतो, छिन्नी लोखंडाची होती' हे डॉक्टरांना सांगणं उपचारासाठीही गरजेचं आहे. तुकडा आत राहिला तर लोखंड विरघळून हळूहळू पडदा मारतं. काढलेला तुकडा, त्याची शस्त्रक्रियेच्या टिपणात नोंद, स्कॅनची फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड हे चारही पुरावे आहेत. दगडाच्या खदानीत डोळ्यातून पोलाद निघालं, तर 'रस्त्यावरची धूळ गेली असेल' हा बचाव उभाच राहत नाही.

याच दिवसांत मालकाचा निरोप येतो. 'दवाखान्याचं मी बघतो की दादा, पोलिसात कशाला जाताय?' दवाखान्याचे पैसे जरूर घ्यावेत. कलम ४(२अ) प्रमाणे उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानेच द्यायचा असतो आणि उपचारासाठी दिलेली रक्कम भरपाईतून वजा होत नाही. पैशांसोबत स्टँप पेपर येतो तिथे थांबायचं. 'माझी काही तक्रार नाही, सर्व रक्कम मिळाली' असं नोटरीसमोर लिहून घेतलं तरी हक्क सोडणारा करार कलम १७ ने रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच तर ती कलम २८ खाली, भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम फारच तोकडी दिसली तर आयुक्त ती नोंदवायला नकार देऊ शकतात. उचलीचंही तसंच. 'चाळीस हजार उचल आहे, ती कापून घेऊ' असं आमच्याकडेही आलं. कलम ९ प्रमाणे भरपाईच्या रकमेतून कसलीही येणी वळती करता येत नाहीत. उचल वेगळी, भरपाई वेगळी.

आता मालक कोण? सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. जमीन एकाच्या नावावर, खाणपट्टा दुसऱ्याचा, क्रशर तिसऱ्याचा आणि माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो मी फक्त माणसं आणतो, पट्टेदार म्हणतो मी ब्रासवर (शंभर घनफुटांच्या मापावर) डबर घेतो, माझा मजूर कोणीच नाही. कलम १२ प्रमाणे ठेकेदारामार्फत काम करून घेणारा मूळ मालकही भरपाईला जबाबदार असतो, फक्त त्याचं नाव पुराव्यासह पुढे आणावं लागतं. आम्ही गट नंबरचा सातबारा काढला, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत माहिती अधिकारात खाणपट्ट्याच्या आदेशाची प्रत मागितली. पण सगळ्यात कामाला आला तो डंपरचा वाहतूक परवाना. गौण खनिजाच्या प्रत्येक खेपेला सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवरून निघणाऱ्या त्या पासवर खनिज कुठून आलं आणि कोणाचं, हे लिहिलेलं असतं. अपघाताच्या तारखेच्या आसपासचा एक पास हाती असला की 'खदान तेव्हा बंदच होती' ही पळवाट बुजते. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये असे पास पडलेले असतात. फोटो काढून ठेवावा. सापडतील तेवढ्यांना गैरअर्जदार करावं. एखादं नाव जास्त झालं तर आयुक्त वगळतात, राहून गेलं तर ते मागून जोडण्यात वेळ जातो. विमा पॉलिसी असेल तर कंपनीलाही जोडायचं.

'खदान छोटी आहे, खाण कायदा लागू नाही' हे वाक्य सातारा-सांगलीत हमखास ऐकू येतं. आमच्या अपघाताच्या वेळी लागू असलेल्या खाण अधिनियम, १९५२ च्या कलम ३ मध्ये (हा कायदाही २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये गेला आहे) इमारतीचा दगड, खडी, मुरूम अशा उघड्या खाणींना सूट होती, पण तिच्या अटी एकत्र पाळाव्या लागत: खोदाई कुठेही ६ मीटरपेक्षा खोल नको, कोणत्याही दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नकोत आणि स्फोटकं वापरलेली नकोत. आपल्याकडचा काळा पाषाण सुरुंगाशिवाय निघत नाही. म्हणजे तिसऱ्या अटीवरच सूट संपते. मग खाण सुरक्षा महासंचालनालयाला अपघात कळवणं, प्रशिक्षण, ब्लास्टरचा दाखला हे सगळं आलं. भरपाई याच्यावर अडून नसते, पण सुरक्षेची नोंदवही हजर करा असा अर्ज देता येतो. ती बहुतेकदा नसतेच, आणि नसणं आपल्या उपयोगाचं.

उपयोगाचं अशासाठी, की मालकाचा ठरलेला बचाव गॉगलचा असतो. 'चष्मा दिला होता, याने घातला नाही.' कलम ३ प्रमाणे मजुराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं किंवा टाळलं तरच मालक सुटतो, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तेव्हाही सुटत नाही. साधन दिल्याची सही कुठे आहे? कोणत्या बनावटीचा चष्मा, किती दिवसांनी बदलून दिला? साधा प्लॅस्टिकचा गॉगल कचेने आठवड्यात पांढुरका होतो, उन्हात घामाने आतून धुरकटतो, आणि मग कपाळावर चढतो. जाळीचा चष्मा धुरकटत नाही, पण पोलादाचा बारीक कण जाळीतून जाऊ शकतो. पॉलिकार्बोनेटचा, बाजूने बंद चष्मा आणि फुललेली डोकी ग्राइंडरवर घासून सरळ करणं, एवढ्यावर हा अपघात टळतो. खर्च किरकोळ आहे. आमच्या प्रकरणातली छिन्नी सहकाऱ्याने जपून ठेवली होती. डोक्याच्या कडेचा तुटलेला कोपरा तिच्यावर स्पष्ट दिसत होता.

रकमेचं गणित समजून घ्या, कारण कमी रकमेवर सही याच अज्ञानातून होते. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा घटक. मृत्यूला ५० टक्के. वेतन कितीही असलं तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. घटक परिशिष्ट ४ मध्ये आहेत: ३० व्या वर्षी २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ४५ ला १६९.४४. रोज ६०० रुपये आणि २६ दिवस धरले तर १५,६०० होतात, म्हणून १५,००० धरले. त्याचे ६० टक्के ९,०००. गुणिले १९७.०६ म्हणजे १७,७३,५४० रुपये. एका डोळ्याची दृष्टी गेली, डोळ्याचा गोळा शाबूत आहे आणि दुसरा डोळा चांगला आहे, तर परिशिष्ट १ प्रमाणे ३० टक्के, म्हणजे ५,३२,०६२ रुपये. डोळाच काढावा लागला तर ४० टक्के, म्हणजे ७,०९,४१६. शस्त्रक्रियेच्या कागदावर यातलं नेमकं काय झालं ते स्पष्ट हवं.

हेच वेतन मालकाने ९,००० सांगितलं तर ५,३२,०६२ चे ३,१९,२३७ होतात. दोन लाखांवर फरक एका पगाराच्या आकड्याने. हजेरी बुक मालकाकडे असतं आणि ते कोर्टात येतं तेव्हा शाई ताजी असते. मुकादमाच्या वहीचे फोटो, शनिवारी फोनवर आलेले पैसे आणि बँकेचा उतारा, सोबत काम करणाऱ्याचं शपथपत्र, यावर वेतन सिद्ध होतं. ब्रासवर मजुरी असेल तर आठवड्याला किती ब्रास निघतो याची साक्ष हवी. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला. आधारवर आणि दाखल्यावर वेगळी तारीख असेल तर पहिल्याच अर्जात खुलासा द्यावा. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत.

टक्क्यांची दुसरी एक गल्लत. सिव्हिलमधून मिळणारं अपंगत्व प्रमाणपत्र आणि कमाईची क्षमता किती घटली याचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी. प्रमाणपत्र शरीराचं मोजमाप सांगतं, आयुक्त कामाचं बघतात. सुतारकाम करणाऱ्याचा डावा हात कोपराच्या वर गेला तेव्हा तो आता सुतारकाम करूच शकत नाही म्हणून क्षमता १०० टक्के गेली, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात धरलं. घण मारणाऱ्याला एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, त्याला पुन्हा त्या कामावर कोणी घेणार नाही, हे डॉक्टरांच्या साक्षीत यावं लागतं. नुसता दाखला जोडून भागत नाही; डॉक्टरांना साक्षीला बोलवायचा अर्ज वेळेत द्यावा आणि त्यांच्या सोयीची तारीख आधी विचारून घ्यावी.

नोटीस कलम १० प्रमाणे, पोचपावतीसह पोस्टाने: नाव, पत्ता, तारीख, अपघात कसा झाला. अर्ज अपघातापासून २ वर्षांत, नमुना एफ मध्ये. सांगलीला कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून हे दावे चालवतात. अपघात झाला तिथे किंवा मजूर राहतो तिथे, कुठेही अर्ज करता येतो. विजापूरकडून आलेल्या वडार कुटुंबांना हे माहीत नसतं आणि प्रत्येक तारखेला एसटीने हेलपाटा घालतात. डंपरखाली किंवा डंपरमुळे अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण की हा कायदा, हे आधी वकिलांशी बसून ठरवा, कारण दोन्हीकडे भरपाई मागता येत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना याच्या आड येत नाही. वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर एका डोळ्याची दृष्टी कायमची गेल्याबद्दल १ लाख बँकेमार्फत मिळतात. पासबुकात ती वजावट शोधायला कोणी जात नाही.

कायद्यात निकालाला तीन महिने लिहिले आहेत. ते लिहिण्यापुरतेच. गैरअर्जदाराचं लेखी म्हणणं यायलाच तारखा जातात, मुकादमावर समन्स बजावलं जात नाही कारण हंगाम संपला की तो गाव सोडतो. त्याचा मूळ गावचा पत्ता आधीच मिळवून ठेवावा. उशीर मालकालाच महाग पडतो हे मात्र खरं: भरपाई देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर १२ टक्के साधं व्याज, म्हणजे ५,३२,०६२ वर वर्षाला ६३,८४७ रुपये, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. व्याज विमा कंपनीवर टाकता येतं, दंड मालकाने स्वतः भरायचा असतो. अर्जात दोन्ही वेगळे मागावेत. मालकाला अपील करायचं तर आदेशाची रक्कम आधी आयुक्तांकडे भरावी लागते, म्हणून तडजोडीचं खरं बोलणं निकालानंतर सुरू होतं.

आदेश झाला आणि पैसे आले नाहीत तर कलम ३१ खाली वसुलीचा अर्ज. रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते: दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे, तिथून मंडळ अधिकारी आणि तलाठ्याकडे. प्रत्येक टेबलावर जावक क्रमांक लिहून घ्या. खदानीची रॉयल्टी गोळा करणारं खातं हेच, त्यामुळे पट्टेदाराचा पत्ता सापडत नाही हे उत्तर तिथे चालत नाही. वसुली अर्जाला खाणपट्ट्याच्या आदेशाची प्रत आणि सातबारा जोडून द्यायचा, म्हणजे बोजा कुठल्या गटावर चढवायचा ते तलाठ्याला विचारावं लागत नाही.