चेर्ताल्दोचा कांदा आणि पोपटाचं पीस

फ्लॉरेन्सचे तीन दिवस रांगांमध्येच गेले, त्यावर काही लिहीत नाही. चौथ्या दिवशी ट्रेनने तासाभरात चेर्ताल्दोला उतरलो. जुनं गाव टेकडीवर, वर न्यायला फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) आहे पण मी चालतच चढलो, आणि वर सगळं लाल विटांचं, रस्तासुद्धा, माणसं तुरळक. एकदम बरं वाटलं.

‘देकामेरॉन’ हा गोष्टींचा ग्रंथ लिहिणारा इटालियन लेखक बोकाच्चो १३७५ साली वारला तो याच गावात. त्याचं घर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात पडलं, आता आहे ते पुन्हा बांधलेलं. ‘देकामेरॉन’मध्ये १३४८ च्या प्लेगमुळे सात मुली नि तीन मुलं फ्लॉरेन्स सोडून बाहेर जातात आणि दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात. त्यातली सहाव्या दिवसाची शेवटची गोष्ट खुद्द चेर्ताल्दोची, मी आलो तो तिच्यासाठीच.

गोष्टीतला साधू फ्रा चिपोल्ला, म्हणजे सरळ कांदेबुवाच. दरवर्षी गावात दक्षिणा गोळा करायला येणार. एकदा सांगतो, आज गॅब्रिएल देवदूताचं पीस दाखवतो. असतं ते पोपटाचं! पण तेव्हा त्या गावात पोपट कोणी पाहिलेलाच नाही. दोन टवाळ पोरं पीस पळवून डबीत कोळसे भरतात. भर गर्दीत डबी उघडल्यावर बुवा क्षणभरही अडखळत नाही, आपण पार हिंदुस्थानापर्यंत जाऊन आलो म्हणून ठोकून देतो, मग म्हणतो हे तर संत लॉरेन्सला भाजलं ते कोळसे, आणि त्याच कोळशांनी लोकांच्या पांढऱ्या कपड्यांवर काळे क्रॉस काढत सुटतो. लोक खूश!

मी निफाडकडचा. आमच्या पेरूवर पोपटांचे थवे बसतात, हिरवी पिसं अंगणात झाडताना केरात जायची. तेच पीस इथे देवदूताचं म्हणून खपणार होतं, हे कॉलेजात वाचलं तेव्हापासून डोक्यातून गेलंच नव्हतं.

आणि बोकाच्चो त्याच गोष्टीत लिहितो की इथला कांदा अख्ख्या तोस्काना प्रांतात नावाजलेला. अजूनही आहे! जेवायला बसलो तिथल्या आजींनी सूप दिलं, गोडसर, दाट, मस्त. मी खुणेनेच कच्चा कांदा मागितला तर आतून उन्हाळी ‘स्तातीना’ घेऊन आल्या, गोल, जांभळट, वर माती तशीच. हातात घेतल्यावर घरचाच वाटला. टेबलावर ठेवून बुक्कीने फोडला. आजी आधी दचकल्या, मग त्यांनी मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि एक पाकळी स्वतः उचलली.