आधी डबा, मग बोर्ड, शेवटी केमिकल: एचिंगच्या खरेदीची एक फेरी

एचिंग म्हणजे बोर्डावरचं नको ते तांबं केमिकलने विरघळवून सर्किटचा बोर्ड (पीसीबी) घरी बनवणं. त्याच्या सामानाला निघालेल्या माणसाच्या यादीत पहिल्या ओळीवर फेरिक क्लोराईड असतं आणि अगदी तळाला, तयार सर्किट ठेवायला, 'एखादा बॉक्स' असं मोघम लिहिलेलं असतं. या शनिवारी मी यादी उलटी धरून बाजार फिरलो. आधी डबे, मग कॉपर क्लॅड (तांब्याचा थर चढवलेली शीट), मग ट्रे आणि बाटल्या, सगळ्यात शेवटी केमिकल. डब्याच्या आतल्या मापावर बोर्डाचा आकार ठरतो, बोर्डाच्या क्षेत्रफळावर तांबं किती विरघळवायचं ते ठरतं आणि त्यावरून केमिकल किती लागेल ते कळतं. शिवाय केमिकलची पिशवी हातात असताना दुसऱ्या दुकानांत हिंडू नये, हे निराळंच.

निघताना सोबत घेतलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात उपयोगी पडली ती व्हर्नियर कॅलिपर आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा. पुठ्ठा बोर्डाच्या मापाचा कापलेला होता. शिवाय एक पॉट (आवाज वगैरे कमी-जास्त करायचं फिरतं बटण), एक टॉगल स्विच, एक जॅक (केबल खोचायची जागा) आणि ज्या बॅटरीवर प्रोजेक्ट चालणार ती बॅटरी. दुकानात उभं राहून डब्यात हे सगळं प्रत्यक्ष ठेवून बघायचं. दुकानदार पहिल्यांदा वैतागल्यासारखा बघतो, पण गिऱ्हाईकाला काय हवंय ते माहीत आहे हे कळलं की मागच्या खोलीतून आणखी खोकी काढतो.

डब्यांवर लिहिलेलं माप बहुतेक वेळा बाहेरचं असतं. गिटार पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेटी) करणाऱ्यांचा लाडका हॅमंड 1590बी हा कास्ट अ‍ॅल्युमिनियमचा डबा घ्या: बाहेरून साधारण 112 × 60 × 31 मिमी. त्यातून भिंतींची जाडी गेली, चार कोपऱ्यांतले स्क्रूचे पिलर गेले. वर ओतीव डब्याच्या भिंती साच्यातून सुटाव्यात म्हणून किंचित तिरक्या असतात, त्यामुळे तळ तोंडापेक्षा अरुंद. तोंडाशी सहज बसणारा पुठ्ठा तळाशी जाताना अडकतो. कोपरे छाटून 100 × 50 चा बोर्ड धरून चालावं, आणि तोही पॉट-जॅक कुठे येणार ते बघून. म्हणून कॅलिपरने तळाचं माप घ्या, तोंडाचं नाही.

पॉट का न्यायचा? त्याच्या बुशचे, म्हणजे भिंतीतून बाहेर येणाऱ्या नळीचे, आटे किती लांब आहेत आणि डब्याची भिंत किती जाड आहे हे जुळलं पाहिजे. जाड प्लास्टिकच्या काही डब्यांत पॉट आतून घातला की बाहेर नट लावायला एखाददुसराच आटा उरतो. नेहमीच्या 16 मिमीच्या पॉटला 7 मिमीचं भोक लागतं, लहान टॉगल स्विचला 6 मिमीचं, गिटारच्या जॅकला साधारण साडेनऊ. ही सगळी भोकं एका स्टेप ड्रिलने होतात. तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि पातळ पत्र्यावर साध्या ड्रिलसारखा फाटकं भोक पाडत नाही.

प्लास्टिक की धातू हा वाद प्रोजेक्टवर सोडावा. आत वायफाय किंवा ब्लूटूथचं मॉड्यूल असेल तर धातूचा बंद डबा घेऊ नका, सिग्नल आतच मरेल. ऑडिओचा प्रीअ‍ॅम्प (आवाजाचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) असेल तर उलट धातूच हवा, म्हणजे हम (मागचा सततचा घूं आवाज) कमी. मेन्सची, म्हणजे घरातल्या विजेची, वायर आत येणार असेल तर धातूच्या डब्याला अर्थिंगची वायर लावायलाच हवी, तीही रंग खरवडून उघड्या धातूवर, रिंग टर्मिनल आणि दातेरी वॉशर घालून. पावडर कोटिंगवर नुसता स्क्रू आवळला तर ते अर्थिंग नव्हे. नवख्याने मेन्सच्या प्रोजेक्टला इन्सुलेटेड प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि आत तयार, बंदिस्त अ‍ॅडॉप्टर वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत डब्यांचे भाव ऐकून मी नेहमीप्रमाणे इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात गेलो. वायरिंगसाठीचे जंक्शन बॉक्स हा हौशी माणसाचा खरा आधार. त्यांच्यावर लिहिलेलं आयपी65 म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि पाण्याचा फवाराही चालेल. झाकणाला रबरी गॅस्केट असते. गच्चीवर, बागेत सेन्सर लावायचा तर यापेक्षा चांगलं काही नाही. फक्त तुम्ही भोक पाडलंत की ते रेटिंग तिथेच संपलं, म्हणून तिथूनच केबल ग्लँडही (केबलभोवतीची फट बंद करणारे) घ्यायचे. पीजी7 ग्लँडला साडेबारा मिमीचं भोक लागतं आणि तो 3 ते साडेसहा मिमी जाडीची केबल धरतो. त्याच दुकानात 35 मिमीच्या डीआयएन रेलवर (वीजपेटीत स्विच अडकवायच्या पट्टीवर) बसणारे रिकामे डबेही असतात, पण आत जागा कमी.

भंगाराच्या बाजारातही चक्कर टाकली. जुन्या मोडेम-राऊटरचे डबे कुणीच विचारत नाही. हवेसाठी खाचा आयत्याच असतात, रबरी पाय असतात, मागे जॅकसाठी कापलेली जागा असते. कंपनीचं नाव बारीक पॉलिश पेपरने जातं. अ‍ॅसिटोनने पुसायला जाऊ नका, डब्याचं एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं. मात्र हे डबे एकेकटेच मिळतात. एकसारखे दोन हवे असतील तर भंगारात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

कॉपर क्लॅड पटकन उरकलं. एफआर4 (काचतंतूंचा बोर्ड), 1.6 मिमी जाड, एका बाजूला तांबं, 35 मायक्रॉन. तपकिरी रंगाचा कागदी फिनॉलिक बोर्ड स्वस्त असतो आणि कापायलाही सोपा, पण दोनदा डिसोल्डर केलं (टाका वितळवून सुटा भाग काढला) की पॅड, म्हणजे टाक्याखालचा तांब्याचा ठिपका, उचलला जातो. शीट उन्हात तिरपी धरून बघा. खोल ओरखडा असेल तर तो नेमका बारीक ट्रॅकखाली (वायरचं काम करणाऱ्या तांब्याच्या रेघेखाली) येतो.

आता हिशोब. 100 × 50 मिमीच्या बोर्डावर 35 मायक्रॉन तांबं म्हणजे दीड ग्रॅमहून थोडं जास्त. एक ग्रॅम तांबं विरघळवायला कोरडं, म्हणजे निर्जल फेरिक क्लोराईड कागदावर साधारण 5.1 ग्रॅम लागतं. दुकानात मिळणारे पिवळे-तपकिरी खडे हेक्झाहायड्रेट असतात, त्यांत सुमारे 40 टक्के वजन पाण्याचं. म्हणून तेच काम करायला 8.5 ग्रॅम खडे. एचिंगचं दुसरं केमिकल, सोडियम परसल्फेट, असेल तर पावणेचार ग्रॅम. पण द्रावण अर्धंअधिक वापरलं गेलं की इतकं मंदावतं की ट्रॅकच्या कडा खाल्ल्या जातात, तेव्हा दुप्पट धरा. सगळं तांबं काढायचं म्हटलं तरी अर्ध्या किलो खड्यांत असे पंधराहून जास्त बोर्ड आरामात होतात. ग्राउंड प्लेन, म्हणजे न विरघळवता सोडलेला तांब्याचा भाग, मोठा ठेवला तर त्याहूनही जास्त. आता सांगा, पाच किलोचा डबा 'स्वस्त पडतो' म्हणून कुणी घ्यावा?

केमिकलच्या दुकानाआधी प्लास्टिकच्या भांड्यांच्या दुकानात थांबलो. तळाशी त्रिकोणात 2 किंवा 5 आकडा असलेली भांडी बघायची, म्हणजे एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन. ट्रे बोर्डापेक्षा जरासाच मोठा हवा, नाहीतर बोर्ड बुडवायला विनाकारण जास्त द्रावण लागतं. बाटलीचं झाकणही प्लास्टिकचंच. धातूचं झाकण आणि स्टेनलेस स्टीलचा चिमटा, दोन्ही फेरिक क्लोराईड खातं. आणि ही भांडी त्याच दिवशी मार्करने रंगवून टाका, पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नयेत.

केमिकलच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कशासाठी पाहिजे?"

"पीसीबी एचिंगला."

"शाळेचं की कंपनीचं?"

"घरचंच आहे, हौस म्हणून."

खरं तेच सांगावं. आडवळणाने बोललं की संशय येतो. अनेक ठिकाणी आम्ल किंवा ऑक्सिडायझर (जळण्याला जोर देणारं रसायन) विकताना नाव-पत्ता लिहून घेतात, ओळखपत्र मागतात, तेव्हा ते खिशात असू द्या. युरोपीय संघात तर 12 टक्क्यांहून तीव्र हायड्रोजन पेरॉक्साईड सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय विकतच नाहीत.

इथे कामी आली ती चिठ्ठी. त्यावर नावासोबत कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला क्रमांक) लिहून नेला होता: फेरिक क्लोराईड हेक्झाहायड्रेट 10025-77-1, सोडियम परसल्फेट 7775-27-1. नावं ऐकायला सारखी असल्याने काउंटरवर हमखास गोंधळ होतो. सोडियम परकार्बोनेट हे कपड्यांचं ब्लीच, सोडियम बायसल्फेट हे तरणतलावात आम्लता वाढवायला, आणि पोटॅशियम परसल्फेट 'तेच आहे हो, नुसतं पोटॅशियमचं' म्हणून पुढे केलं जातं. ते नकोच. खोलीच्या तापमानाला 100 मिली पाण्यात ते जेमतेम 5 ग्रॅम विरघळतं, आणि एचिंगला लिटरला 200 ग्रॅमच्या पुढे लागतं. अमोनियम परसल्फेटने बोर्ड उत्तम निघतो, पण नंतर सोडा घालून तांबं खाली बसवायला गेलं की ते अमोनियाला धरून द्रावणातच राहतं. विल्हेवाटीचा विचार करता सोडियमचं बरं.

फेरिक क्लोराईडची पिशवी दाबून बघा. खडे कोरडे, सुटे हवेत. हवेतला ओलावा शोषून ते चिकट होतात आणि तळाशी तपकिरी पाणी सुटतं. गडद, जवळजवळ काळी पूड दिसली तर ते निर्जल रूप आहे. पाण्यात टाकताच ते भयंकर तापतं आणि आम्लाच्या वाफा सोडतं, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. खडेसुद्धा नेहमी पाण्यात थोडे थोडे टाकायचे, खड्यांवर पाणी ओतायचं नाही. ग्रेडच्या बाबतीत दुकानदार शुद्धतेच्या एआर, एलआर आणि कमर्शियल अशा उतरत्या पायऱ्या सांगतो. आपल्याला कमर्शियल पुरतं.

एखाद्या दुकानात नाहीच मिळालं तर चित्रकलेच्या सामानात विचारा. तांब्याच्या पत्र्यावरून छापे काढणारे चित्रकार हेच फेरिक क्लोराईड वापरतात, आणि त्यात सायट्रिक अ‍ॅसिड घालायची त्यांची युक्ती आपल्यालाही चालते. गाळ कमी साचतो. पाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्यांनाही ते लागतं, पण त्यांचे पुरवठादार मोठ्या कॅनशिवाय बोलत नाहीत.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मेडिकलमधलं 3 टक्के पेरॉक्साईड हे मिश्रण सगळीकडे मिळतं आणि झपाट्याने काम करतं. मी ते मुद्दाम घेतलं नाही. आम्लाची बाटली कितीही घट्ट बंद केली तरी आजूबाजूची पक्कड, ड्रिल, कपाटाचे कडी-कोयंडे गंजू लागतात. ज्याच्याकडे बाहेर, उघड्यावर ठेवायला जागा आहे त्याने जरूर वापरावं, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने नाही. तीव्र पेरॉक्साईड मात्र कुणीच नको, क्लोरीन सुटतो.

तिथूनच नायट्राईलचे हातमोजे, बाजूनेही बंद असलेला गॉगल आणि धुण्याचा सोडा घेतला. खाण्याचा सोडा वेगळा, तो इथे आणायची गरज नाही. कपड्यावर पडलेला फेरिकचा डाग साबणाने जात नाही, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जातो. पण ते विषारी आहे. जुनी पँट घालून काम करणं सोपं.

घरी आणताना फेरिक आणि परसल्फेट एका पिशवीत ठेवू नका. परसल्फेट ऑक्सिडायझर आहे, कागद, भुसा, तेलकट फडकं यांच्यापासून दूर हवं. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यांत उभ्या ठेवून आणल्या. विमानाने जाणार असाल तर यातलं काहीच सोबत नेता येणार नाही, त्या गावी पोचल्यावरच खरेदी करा.

परसल्फेट कोरडंच साठवा आणि हवं तेवढंच कालवा. कालवलेलं हळूहळू विघटित होऊन ऑक्सिजन सोडतं, म्हणून त्याच्या बाटलीचं झाकण कधी घट्ट लावायचं नाही. फेरिकचं द्रावण मात्र महिनोन् महिने टिकतं. दोन्ही 40 ते 50 अंशांवर चांगली चालतात. ट्रे गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवला की काम होतं, शेगडीवर नको. परसल्फेटचा फायदा असा की द्रावण पारदर्शक, बोर्ड कुठवर आला ते दिसतं, आणि जसजसं तांबं विरघळतं तसतसं ते निळं होत जातं. फेरिकमध्ये मिनिटा-मिनिटाला बोर्ड उचलून बघावा लागतो.

वापरून झालेलं सिंकमध्ये ओतू नका. तांबं पाण्यातल्या जीवांना घातक असतं आणि फेरिक धातूचे पाइपही खातं. धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट घालायचा, फेस खूप येतो म्हणून उंच भांड्यात. फेस थांबला की रात्रभर ठेवायचं, गाळ खाली बसतो. हा गाळ वाळवून बंद बरणीत, वर लेबल लावून, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यायचा. वरचं पाणी निळसर राहिलं असेल तर तेही बाटलीत भरून तिकडेच. असं केंद्र कुठे आहे याची चौकशी केमिकल घेण्याआधीच करा. जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला ते हमखास माहीत असतं.