फळ्यावर प्रत्येक सण त्याच्या नावाने

ठाण्यात आमच्या चरईतल्या सोसायटीच्या गेटवर काळा फळा आहे. पाणी कधी बंद, लिफ्टची दुरुस्ती कधी, हे त्यावर लिहायचं काम माझ्याकडे आहे आणि सणांच्या शुभेच्छाही मीच लिहिते. परवा कमिटीच्या मीटिंगमध्ये सूचना आली, की दर वेळी वेगळं लिहिण्यापेक्षा वर्षभर एकच ओळ ठेवू, ‘सर्वांना सणासुदीच्या हार्दिक शुभेच्छा’. म्हणजे कुणाचा राहिला, कुणाचा लिहिला, ही कुरबूर नको. सूचना चांगल्या मनाने आली होती. मला मात्र ती अजिबात पटली नाही, आणि का ते इथे सविस्तर लिहिते.

माझी भाची अमेरिकेत असते. तिथे डिसेंबरात ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणतात. नाताळ, ज्यूंचा हनुका, आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा 1966 पासून साजरा होणारा क्वान्झा आणि नवीन वर्ष असं सगळं जवळजवळ येतं. समोरच्याच्या घरी काय असेल ते ठाऊक नसतं, मग सगळ्यांना सामावणारी एक शुभेच्छा देतात. तिथे ते शोभतं. आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र कुणाच्या घरी काय असतं, हे वॉचमनकाकांनाही माहीत असतं. ओळखीच्या माणसाला मोघम शुभेच्छा कशाला द्यायच्या?

ठाण्याचंच बघा ना. टेंभी नाक्यावर नवरात्रात देवी बसते. तिथून हाकेच्या अंतरावर पारशांची अग्यारी आहे, 1780 सालची, आणि जवळच 1879 साली बांधलेलं शार हशामाईम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. मासुंदा तलावाच्या एका काठाला चर्च, थोडं पुढे कोपिनेश्वराचं देऊळ. इथे प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे, मग फळ्यावरच ते का पुसायचं?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशी बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी ज्यू. मूळ कोकणातल्या, घरात बोली मराठीच. त्यांच्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. रोश हशाना, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, जवळ आलं की त्या चिकाचा हलवा करतात. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर घालून मिश्रण कढईच्या कडा सोडेपर्यंत हलवत बसायचं. मांसाच्या जेवणाबरोबर दुधाचं काही चालत नाही, म्हणून नारळाचं दूध. थाळीत ओतून वड्या पाडल्या की एक वाटी आमच्याकडे येतेच. मग दहाव्या दिवशी योम किप्पूर. पण तो कडक उपासाचा, क्षमा मागण्याचा दिवस. मावशींनी एकदा सांगितलं, “अगं, त्या दिवशी आनंदाचं काही लिहू नकोस. उपास नीट पार पडो, एवढं म्हणालीस तरी मला बरं वाटेल.”

हे वर्षभराच्या एका ओळीत कसं बसवणार? मोहरमच्या दहाव्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी फुलांचं चित्र टाकून ‘हॅपी’ लिहिलं होतं. करबलात इमाम हुसेन शहीद झाले, तो हा दिवस. गुड फ्रायडेचंही तेच, ती येशूच्या क्रुसावरच्या मरणाची आठवण. शुभेच्छा देण्याआधी समोरचा आज हसतोय की शोकात आहे, हे विचारावं. मला तरी सर्वसमावेशक वागणं म्हणजे एवढंच कळतं.

यात फार कष्टही नाहीत. कालनिर्णय सर्वधर्मीय आहे, जानेवारीत बसून तारखा वहीत उतरवते. 14 एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा त्यात असतेच. विजयादशमीला सोन्याच्या शुभेच्छांशेजारी धम्मचक्र प्रवर्तन दिनही लिहिते, कारण 1956 साली बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली ती अशोक विजयादशमीला. रमजान ईदची ओळ तेवढी आदल्या रात्रीपर्यंत थांबते. चंद्र दिसला की बी विंगमधल्या भाभी फोन करतात आणि मी खडू घेऊन खाली उतरते.

कमिटीला मी हेच सांगितलं. एक ओळ कायमची रंगवून घ्यायचा विचार आता मागे पडलाय. कुणाचा सण माझ्या वहीत नसेल, तर त्यांनी मला जिन्यात गाठून सांगावं, दिवस कोणता आणि त्या दिवशी काय म्हणतात तेही.