मार्कोव्ह यांच्यावरील व्याख्यानाची तयारी : माझा अनुभव

इंदूरमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेसाठी मी ग्योर्गी मार्कोव्ह हा विषय निवडला, तेव्हा ज्यांना हे नाव ठाऊक होते त्यांनी आधी विषारी छत्रीचीच गोष्ट काढली. ७ सप्टेंबर १९७८ रोजी लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ बसची वाट पाहत असलेल्या या बल्गेरियन पत्रकाराच्या मांडीत रायसिन विषाची, टाचणीच्या माथ्याएवढी गोळी घुसली (ती छत्रीतून झाडली, असे मानले जाते) आणि चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला, ही हकिकत इतकी थरारक आहे की तिच्यापुढे त्यांचे बाकीचे आयुष्य झाकोळून जाते. म्हणून ती शेवटी आणि थोडक्यात सांगायचे मी ठरवले.

मला सांगायची होती ती परागंदा अवस्थेतली नऊ वर्षे. बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, नावाजलेले लेखक असलेल्या आणि राज्यकर्त्यांच्या वर्तुळात ऊठबस असलेल्या मार्कोव्ह यांनी १९६९ मध्ये देश सोडला. पुढे त्यांच्या गैरहजेरीत खटला चालवून त्यांना साडेसहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली आणि त्यांची पुस्तके ग्रंथालयांतून काढून टाकण्यात आली. ते लंडनला बीबीसीच्या बल्गेरियन विभागात काम करत, आणि १९७५ पासून ‘रेडिओ फ्री युरोप’ या, कम्युनिस्ट देशांतल्या श्रोत्यांसाठी चालणाऱ्या अमेरिकी रेडिओवरून आपण जवळून पाहिलेल्या सत्तेचे वर्णन आपल्याच लोकांना ऐकवत. सरकार त्या लहरींवर मुद्दाम खरखर सोडत असे. तरीही लोक ऐकत.

मसुदा मी शेजारच्या काकांना वाचून दाखवला. त्यांचे वडील आणीबाणीत मिसाबंदी होते. काका म्हणाले, “रात्री बीबीसी लावायचो, पण आवाज इतका बारीक की आई रेडिओला कान लावून ऐकायची आणि मग आम्हाला सांगायची.” त्यानंतर मी सगळी मांडणी बदलली. लंडनच्या स्टुडिओऐवजी सोफियातल्या श्रोत्यापासून सुरुवात केली, कारण परक्या देशात बसून बोलणाऱ्याचे सारे बळ त्या श्रोत्यात असते, असे माझे ठाम मत झाले.

व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, की आणीबाणी आणि बल्गेरियातली राजवट यांची तुलना करता येईल का. मी सांगितले, की सेन्सॉरची भीती दोन्हीकडे खरी होती. पण आपल्याकडे २१ महिन्यांनी मतदारांना सरकार बदलता आले, तर बल्गेरियाचे कम्युनिस्ट सत्ताधीश तोदोर झिव्हकोव्ह १९८९ च्या नोव्हेंबरपर्यंत सत्तेवर राहिले, आणि मार्कोव्ह यांच्या खुनाचा तपास बल्गेरियाने २०१३ मध्ये बंद केला तोवर कोणालाही शिक्षा झालेली नव्हती.