न फाटलेल्या कागदावरचं ठिगळ

लंडनमधल्या एका लिलावगृहाच्या प्रिंट विभागात मी कॅटलॉगचं काम बघतो. वसंतातल्या विक्रीची यादी छापायला जायच्या थोडं आधी एका डीलरने अमेरिकन पॉप आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉलची ‘मेरिलिन’ आणली, म्हणजे मेरिलिन मन्रोच्या चेहऱ्याचं छापील चित्र. पार्श्वभूमी भडक गुलाबी, केस पिवळे, कागद 91.4 बाय 91.4 सेंटिमीटर. मागे पेन्सिलीची सही आणि रबरी शिक्क्याने उमटवलेला क्रमांक, 250 पैकी एक. फ्रेम करणाऱ्याची जुनी पावतीही सोबत होती. मूळ मालकाच्या दिवाणखान्यात हे चित्र कित्येक वर्षं टांगलेलं होतं, असं डीलरनी सांगितलं.

इथे थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. 1953 च्या ‘नायगारा’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला मेरिलिन मन्रोचा एक फोटो वॉरहॉलने 1962 पासून वापरला. 2022 मध्ये न्यूयॉर्कला 19 कोटी 50 लाख डॉलरला गेलेली मेरिलिन कॅनव्हासवरची आहे, 1964 ची. आमच्यासमोर होती ती कागदावरची मालिका. 1967 मध्ये वॉरहॉलच्याच ‘फॅक्टरी अॅडिशन्स’ने ती प्रकाशित केली आणि न्यूयॉर्कच्या एटना सिल्कस्क्रीन प्रॉडक्ट्सने छापली. एका संचात दहा प्रिंट, असे 250 संच, शिवाय ए ते झेड अक्षरांचे 26 कलावंत-प्रूफ, म्हणजे क्रमांकित संचांबाहेरच्या, कलावंतासाठीच्या प्रती. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे आपण जे स्क्रीन प्रिंटिंग बघतो त्याचंच हे तंत्र: ताणलेल्या जाळीवर स्टेन्सिल धरायचं आणि स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई खाली ओढायची, प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. चेहरा, केस, पापण्या, ओठ यांचे सपाट रंग आधी, आणि फोटोच्या छटा दाखवणारे बारीक हाफटोन ठिपके त्यांच्यावर.

आता अडचण. 1970 च्या सुमारास ‘संडे बी. मॉर्निंग’ या नावाने युरोपात याच मेरिलिन पुन्हा छापल्या गेल्या. त्यांच्या पाठीवर काळा शिक्का असतो: प्रकाशकाचं नाव, आणि ‘तुमची सही तुम्हीच करा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. नंतरच्या छपाईवर तोच शिक्का निळ्या शाईत येतो, आणि ती म्युझियम बोर्ड नावाच्या जाड पुठ्ठ्यावर, मूळ मापातच असते. समोरून बघून फरक सांगणं अनुभवी माणसालाही जड जातं. 1967 च्या सहीच्या प्रिंटला सहा आकडी रक्कम मिळते, निळ्या शिक्क्याची प्रत साधारणपणे काही शे पौंडांत जाते. वॉरहॉलच्या कामांना खरंखोटं ठरवून देणारं मंडळ 2012 मध्ये बंद झालं. तेव्हापासून हा निर्णय फेल्डमन आणि शेलमन यांची प्रिंटसूची, मालकीचा इतिहास आणि प्रत्यक्ष वस्तू यांच्या आधारे लिलावगृहालाच घ्यावा लागतो.

फ्रेममध्ये असलेलं काम आम्ही तपासलेलं मानत नाही. मागची पट्टी सोडवून, खिळे काढून प्रिंट टेबलावर घेतलं आणि तिथेच पहिली शंका आली. मेरिलिनला मोकळा समास नसतो, रंग कागदाच्या कडेपर्यंत जातो, त्यामुळे फ्रेमच्या आतल्या काठाखाली काही मिलिमीटर रंग झाकलेला राहतो. दिवाणखान्यात वर्षानुवर्षं उजेड खाल्लेल्या गुलाबीत आणि त्या झाकलेल्या पट्टीत फरक दिसायलाच हवा, कारण हा गुलाबी उजेडाला फार लवकर हार मानतो. इथे कड आणि मध्य अगदी एकसारखे होते.

दुसरी शंका जाडीची. मायक्रोमीटरवर पाऊण मिलिमीटरच्या आसपास आकडा आला. मालिकेचा मूळ कागद याहून पातळ आहे. डीलरना विचारल्यावर ते लगेच म्हणाले, “जुन्या फ्रेमवाल्याने बोर्डवर चिकटवलं असणार.” असं खरंच होतं. ड्राय माउंटिंगमध्ये उष्णतेने वितळणारा टिश्यू मध्ये घालून कागद बोर्डवर दाबतात, आणि त्या काळातली पुष्कळ चांगली प्रिंट अशीच बिघडली आहेत. म्हणून कड दहापट भिंगाखाली धरली. चिकटवलेल्या कामात कडेला कागद, गोंद आणि बोर्ड असे थर दिसतात, कोपऱ्यात कुठेतरी जोड उघडा पडलेला असतो. इथे एकजीव पुठ्ठा होता. आणि थर असतेच, तर डीलरचं म्हणणं आणखी अडचणीत आलं असतं: मूळ कागदाच्या पाठीवरची सही आणि क्रमांक मग बोर्डच्या आत गाडले गेले असते. बाहेरच्या बाजूला ते दिसत होते म्हणजे कुणीतरी ते बोर्डवर केले होते.

सहीकडे मी शेवटी बघतो. नवीन लोक आधी सही बघतात आणि तिच्या वळणांवर वाद घालत बसतात, पण या सगळ्या वस्तूत पेन्सिलीची सही हीच नक्कल करायला सर्वांत सोपी गोष्ट आहे. क्रमांकाचा मात्र उपयोग होतो. तोच क्रमांक घेऊन तेच चित्र आधी कुठे विकलं गेलं आहे का, हे जुन्या विक्रीनोंदींत शोधता येतं. दुसरीकडे तीच जोडी सापडली तर दोन्हींपैकी एक खोटी. आम्हाला काही सापडलं नाही, आणि न सापडणं हा पुरावा नसतो.

खरी गोष्ट होती पाठीवर सहीपासून दूर लावलेल्या ठिगळात. तळहाताएवढा पांढरा कागद नीट कापून चिकटवला होता. दुरुस्ती म्हणून ते कुणाच्याही नजरेतून सुटलं असतं, प्रिंटला फाट पडली की मागून आधार देतातच. पण आधार कशाला दिला आहे? त्या जागेच्या बरोबर समोरच्या बाजूवर मी दिवा जवळजवळ आडवा धरला. तिरप्या प्रकाशात फाटीची ओळ, सुरकुती, शाईला गेलेला तडा, काहीही लपत नाही. सपाट रंगाचा थर तर इतका नाजूक असतो की नखाचा ओरखडाही चमकतो. तिथे एकही खूण नव्हती. ठिगळ होतं, फाट नव्हती.

अल्ट्राव्हायलेट दिव्याखाली ठिगळाच्या कडेने दुधट निळसर झाक उठली. प्रशिक्षित संवर्धक जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने दुरुस्ती करतात, म्हणजे पुढे पाण्याने ती सोडवता येते. हा कृत्रिम गोंद होता, पांढऱ्या फेविकॉलच्या जातीचा. डीलरची लेखी परवानगी घेतली आणि आमच्या कागद-संवर्धक बाईंनी काम हाती घेतलं. अल्कोहोल किंवा अॅसिटोनने हा गोंद मऊ पडतो, पण खाली शिक्क्याची शाई असली तर ती त्याच द्रावणाबरोबर वाहून जाण्याचा धोका होता. म्हणून त्यांनी द्रावण टाळलं. तापवलेल्या बारीक स्पॅच्युलाने एका कोपऱ्यातून गोंद ढिला करत, मिलिमीटर मिलिमीटरने त्या पुढे सरकल्या. दुपार त्यातच गेली. प्रत्येक टप्प्यावर फोटो घेतले, कारण पुढे वाद झाला तर ठिगळाखाली आधी काय होतं हे दाखवावं लागतं.

ठिगळ सुटल्यावर खालची जागा खरवडलेली दिसली. पुठ्ठ्याचे तंतू उभे राहिले होते, मधला भाग थोडा खोलगट झाला होता. पण शिक्क्याची शाई तंतूंत मुरते, वरचा थर घासला तरी दाबाच्या जागी ती उरते. दोन ओळींचे तुटक तुकडे शिल्लक होते, निळ्या रंगात. भिंगाखाली ‘मॉर्निंग’ या शब्दाचा शेवट आणि खालच्या ओळीतली काही अक्षरं जुळवता आली. मोजपट्टी लावून अक्षरांची उंची आणि ओळींमधलं अंतर आमच्याकडच्या निळ्या शिक्क्याच्या फोटोंशी ताडून पाहिलं. बरोबर बसलं.

हा लॉट, म्हणजे विक्रीची ही नोंद, त्याच संध्याकाळी यादीतून काढला. डीलरनी मग विचारलं की ‘आफ्टर वॉरहॉल’, म्हणजे वॉरहॉलवरून केलेली प्रत, असं लिहून कमी अंदाजी किमतीत विकता येईल का. निळ्या शिक्क्याच्या प्रती आम्ही तशा विकतो, त्यात गैर काही नाही. ती छपाई स्वतःचं नाव उघडपणे पाठीवर घेऊन येते, आणि अनेकांना भिंतीवर तेवढंच हवं असतं. पण हिचं नाव खरवडून टाकलं होतं आणि त्या जागी खोटी सही व खोटा क्रमांक आला होता. आमच्या कॅटलॉगमध्ये आम्ही खरं लिहू. पुढचा विकणारा ते वाक्य गाळून फक्त आमचा लॉट क्रमांक पुढे करेल, आणि आमचं नाव त्या सहीचा दाखला होऊन बसेल. म्हणून नकार दिला.

हे डीलरनी केलं असं मला वाटत नाही. त्यांनी ते ज्या भावात घेतलं होतं, त्यावरून तेच फसलेले होते. मूळ विक्रेत्याकडे दाद मागायला उपयोगी पडेल म्हणून आम्ही त्यांना लेखी अहवाल दिला: मापं, जाडी, कडेचे फोटो, अल्ट्राव्हायलेटखालचे फोटो, ठिगळाखालच्या शिक्क्याचं मोठं केलेलं चित्र. काढलेलं ठिगळ पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून प्रिंटसोबतच परत केलं, कारण तोही पुरावाच आहे.

आता पॉप आर्टचं प्रिंट विकायला कुणी फोटो पाठवले की समोरच्या फोटोवर मी अंदाज सांगत नाही. फ्रेममधून काढलेल्या अख्ख्या पाठीचा एक फोटो, चारही कडा जवळून, आणि पाठीवर कुठेही काही चिकटवलेलं असेल तर त्याच्या बरोबर समोरचा भाग तिरप्या उजेडात, एवढं आधी मागवतो.